फाट्यावरचा गृहपाठ

उसाच्या ट्रॉलीनं कट मारला आणि स्कूटरसकट आम्ही मायलेकी रस्त्याकडेच्या पाण्याच्या चारीत पडलो. मला नुसतं खरचटलं, मागं बसलेल्या आईचा हात मोडला. हाड जुळलं, पण स्कूटर गोठ्यातच राहिली, कारण किल्ली हातात घेतली की माझी छाती धडधडायची. नोकरी इंदापूरला, मदार एसटीवर. रोजच्या उशिरावरून साहेबांनी शेवटची तंबी दिली होती.

बारामतीच्या समुपदेशक बाई थेट माझ्या बालपणात शिरल्या. आई शेजारीच बसलेली. दवाखान्यात एकटं जायची आमच्यात पद्धत नाही. "लहानपणी काही कमी पडलं का?" बाईंनी मला विचारलं आणि आईच उसळली, "कमी? दोन म्हशी व्हत्या दारात!" पुढचा सगळा वेळ बाई आईची समजूत काढत बसल्या.

मग इंदापूरचे समुपदेशक गाठले. या सरांना माझ्या बालपणाशी काही देणंघेणं नव्हतं. भीतीपासून पळायचं नाही, रोज थोडा वेळ तिच्याजवळ थांबायचं, अशी त्यांची रीत. गृहपाठ म्हणून लासुर्ण्याच्या फाट्यावर ढकलत नेलेल्या बंद स्कूटरजवळ उभं राहायचं, धडधड ओसरेपर्यंत. सर शहरात वाढलेले असावेत. आमच्याकडं बंद गाडीजवळ उभ्या बाईला निवांत घाबरू कोण देतं? एकानं गाडी हलवून पेट्रोल पाहिलं, दुसऱ्यानं प्लग काढला, एका तात्यांनी तर किक मारून गाडी सुरूच केली. सोबत आलेली आई प्रत्येकाला सांगायची, "गाडीला काय न्हाय झालं, हिच्या डोक्यात हाय."

एके दिवशी गर्दी पांगल्यावर मी वैतागून म्हणाले, "आई, तू घरी जा. भ्या मला वाटतंय, तुला न्हाय."

 

"मागं कोण बसलं व्हतं?" ती म्हणाली. "अजूनबी डोळं मिटलं की ट्रॉली अंगावर येती. मला कुणी इचारलं?"

बाईंनी नाही, सरांनी नाही, मी तर नाहीच. मला रडू आलं आणि इतके दिवस गप्प बसली म्हणून तिचा रागही आला.

"मग आता काय करायचं?"

"काय करायचं? बसते मागं. तू बी भी, मी बी भिते."

मी किल्ली फिरवली. तिनं मागं बसून माझी कंबर अशी आवळली की श्वास घेता येईना. पुढच्या अंथुर्णे गावापर्यंत सायकलवाले आम्हाला मागं टाकत गेले. समोरून एक ट्रॉली आली तेव्हा मी ओरडून विचारलं, "आई, डोळं मिटलंस का?"

"उघडं हायेत," ती म्हणाली. "तू म्होरं बघ."