चार पौंड

माझी बायको चव्वेचाळीस वर्षं माझ्याबरोबर नांदली आणि गेली. तिलाही हे ठाऊक नव्हतं. तिच्यापासून दुसरं काही लपवलं नाही मी — लपवण्याजोगं दुसरं काही केलंच नाही म्हणा. हे एकच. लोक म्हणतात, बाळूभाऊ मोजकं बोलतात. कसलं मोजकं, डोंबलाचं! तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल, याची धास्ती. आज तुम्ही समोर बसलाच आहात तर ऐका. मधेच थांबलो तर थांबू द्या.

सुकदेवचं नाव तुम्ही ऐकलं नसणार. कुठून ऐकाल? तो बॉक्सर होता. आमच्या बुऱ्हाणपुरात बॉक्सर — तेव्हाही लोक हसायचेच. जवळच्या डोईफोडिया गावच्या शेतकऱ्याचा पोरगा, माझ्याच वयाचा, अंगाने काटकुळा, पण हात असे चालायचे की दिसायचे नाहीत. त्याला शिकवलं दामूवस्तादने. वस्ताद तरुणपणी फौजेत होता, तिथून हे शिकून आला आणि लोधीपुऱ्यातल्या तालमीमागे त्याने चार बांबू रोवून दोर बांधले. पुढच्या अंगाला पैलवान वजन वाढवायला दूध-बदाम रिचवायचे आणि मागच्या अंगाला सुकदेव वजन राखायला अर्धी भाकर खाऊन उठायचा. पैलवान चिडवायचे, "अरे सुक्या, वस्ताद तुला उपासाचं शिकवतो का रे?" तो हसायचा. त्याला राग यायचाच नाही. हे लक्षात ठेवा — म्हणजे, मला तरी ते विसरता येत नाही.

जवळच्या एका छोट्या संस्थानच्या राजेसाहेबांना विलायती खेळांचा शौक. त्यांनी सुकदेवला आपल्या संघात घेतलं. नावाला पहारेकरी, काम मात्र ठोसे मारणं. तीन वर्षं तो हौशी म्हणून लढला, कप आणले, मेडलं आणली. मग देश स्वतंत्र झाला, संस्थानं विलीन झाली, आणि राजेसाहेबांनी आधी हत्ती काढला, मग संघ. सुकदेव पत्र्याची ट्रंक घेऊन घरी आला. नुकतंच लग्न झालेलं. आता दोनच वाटा — लोकांच्या केळीत घड वाहा, नाहीतर धंदेवाईक हो. वस्तादने मुंबईच्या एका पारशी गृहस्थाला पत्र टाकलं. तो धंदेवाईक लढती भरवायचा. उत्तर आलं : एक लढत बघतो. लाइटवेट, म्हणजे एकशेपस्तीस पौंडांच्या आत. पसंत पडला तर वर्षाचा करार. नाही पडला तर पुन्हा लिहू नका.

आणि मी? मी कोण होतो यात? मी एका जिनिंग फॅक्टरीत तोलाई करायचो. शेतकऱ्याचा कापूस मोजायचा, आकडा ओरडायचा. बुऱ्हाणपुरात माणूस पौंडात तोलता येईल असा काटा आमच्याच फॅक्टरीत, म्हणून सुकदेवचं वजन मी करायचो. वस्ताद म्हणायचा, "बाळू, तू आमचा काटा." मला त्याचा भारी अभिमान होता!

आता जरा नीट ऐका. फॅक्टरीत काटे दोन. गाठी बांधायच्या तिथला एक — तो खरा, कारण तो माल मुंबईला जायचा आणि तिथे पुन्हा मोजला जायचा. आणि फाटकावरचा दुसरा, शेतकऱ्याचा कापूस घ्यायचा. तो चार पौंड खायचा. दर गाठोड्याला चार पौंड कमी दाखवायचा. मालकाच्या सांगण्यावरून तो तसा मीच बसवला होता, माझ्या या हातांनी. सगळ्याच फॅक्टऱ्यांत असं चालायचं म्हणे. असेल. पण तो काटा तर माझाच होता ना?

सुकदेवचं वजन मी नेहमी गाठींच्या काट्यावर करायचो. पण मुंबईला निघायच्या आठवड्यात हंगाम संपला होता, आतली खोली कुलूपबंद. मी त्याला फाटकावर उभा केला. एकशेपस्तीस. बरोब्बर! वस्तादने मला मिठी मारली. रोज सकाळी, सात दिवस — एकशेपस्तीस.

मी विसरलो होतो. खरंच विसरलो होतो? इतकी वर्षं स्वतःला विचारतोय. रोज खोटा आकडा खरा म्हणून ओरडायची जिभेला सवय लागली की तोच खरा वाटतो. असंच झालं असावं. मला त्याचं वाईट करायचं नव्हतं. तो माझा दोस्त होता हो! पण ही चूक सांगायला मी बसलेलो नाही. चूक सगळ्यांची होते. मी सांगतोय ते त्याच्या पुढचं.

आम्ही तिघे मुंबईला निघालो. गाडीत वस्ताद वरच्या फळीवर झोपला होता. भुसावळला गाडी थांबली तेव्हा सुकदेव आणि मी खाली उतरलो. वैशाखाचं ऊन, त्याचे ओठ फुटलेले. नळाशी जाऊन त्याने ओंजळ भरली, तोंडात घेतली, खळखळ चूळ भरली आणि थुंकून टाकली. एकदा नाही, तीनदा. माझ्याकडे बघून म्हणाला, "बाळू, जीव गेला तरी गिळायचं नाही, काय?" मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. एक थेंब त्याच्या घशाखाली गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत वजन झालं. पारशी बाबाने काट्याचा दांडा सरकवला, पुन्हा सरकवला आणि म्हणाला, एकशेएकोणचाळीस.

चार पौंड. त्या क्षणी मला कळलं.

वस्ताद सुकदेवकडे बघत राहिला. "काय खाल्लंस?"

"काहीच नाही खाल्लं, वस्ताद. मायची शप्पथ."

वस्तादला सगळं चालायचं. हार चालायची, आळससुद्धा चालायचा. खाण्यापिण्यात खोटं बोलणारा चालायचा नाही. असल्याच्या मागे उभं राहत नाही, असं तो पहिल्याच दिवशी प्रत्येकाला सांगायचा. तो माझ्याकडे वळला. "बाळू, तू होतास याच्यासोबत. खरं सांग."

खरं काय सांगायचं होतं? एवढंच, की काटा खोटा आहे. पण कुठला काटा? फाटकावरचा. मग वस्तादने विचारलं असतं, फाटकावरचा खोटा कसा? आणि सुकदेवचा बाप दरवर्षी त्याच फाटकावर कापूस घालायचा. माझ्यावर भरवसा ठेवून तो आकडा कधी वाकून बघायचासुद्धा नाही. "बाळू आहे ना तिथे," म्हणायचा. दोन माणसं माझ्याकडे बघत होती, आणि मला दिसत होता तो म्हातारा.

मी म्हणालो, "भुसावळला नळावर पाणी प्यायला. पोटभर. मी पाहिलं."

झालं. हे ते. इतकंच वाक्य.

सुकदेव चिडला असता, माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. त्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं — आपल्यालाच काही आठवत नाहीये की काय, असं. वस्तादने त्याच्या कानफटात मारली, पिशवी उचलली आणि तो स्टेशनवर निघून गेला. त्यानंतर तो सुकदेवशी मरेपर्यंत बोलला नाही.

पारशी बाबाने मुदत दिली, दुपारपर्यंत चार पौंड उतरवायचे होते. एका धोब्याच्या भट्टीशेजारी सुकदेव घोंगडी पांघरून बसला. तोंडात चिंच — लाळ सुटावी आणि थुंकता यावी म्हणून. थुंकी यायची थांबली तरी तो थुंकायचा प्रयत्न करत होता. मी त्याला वारा घालत होतो. एका शब्दाने त्याने मला विचारलं नाही, बाळू, तू असं का सांगितलंस? विचारलं असतं तर मी सांगितलं असतं का? नाही. नसतंच सांगितलं.

वजन उतरलं. संध्याकाळी लढत झाली, सहा फेऱ्यांची. पहिल्या दोन त्याच्या. लोक उठून उभे राहिले होते. पारशी बाबा हसत होता. चौथीत सुकदेवचे पाय गेले. त्याचा घाम थांबला होता, डोळे कुठे भलतीकडेच. कोपऱ्यात वस्ताद असता तर त्याने तेव्हाच टॉवेल फेकून लढत थांबवली असती. कोपऱ्यात मी होतो. टॉवेल माझ्या खांद्यावर होता. मला वाटलं — काय वाटलं? तो जिंकला तर सगळं मिटेल. करार होईल, वस्ताद परत येईल, माझं खोटं कुणाला टोचणार नाही. म्हणून मी त्याला पुन्हा आत पाठवलं. पाचवीत तो पडला तो डोक्यावर.

जगला. पुढे बरीच वर्षं जगला. हात थरथरायचा, जीभ जड झाली, वारांची नावं विसरायचा. केळीत घड वाहायचं कामही धड झेपेना. गावाने मात्र ठरवून टाकलं होतं : हा पाण्यापायी हरला, हाव सुटली याला. पोरं नळावर त्याला बघून हाका मारायची. तो एकच म्हणायचा, "मी नाही प्यालो." आणि त्याचं खरं मानणारं जगात एकच माणूस होतं, त्याची बायको, गिरजावहिनी. तिने त्यासाठी माहेर तोडलं, शेजारणींशी भांडली. "माझा माणूस खोटं बोलत नाही," असं ती चारचौघांत ठणकावून सांगायची. मी ते ऐकायचो आणि खाली बघायचो.

शेवटी शेवटी मी त्याच्याकडे गेलो होतो. तो ओट्यावर बसला होता, वहिनी मुगाच्या शेंगा सोलत होती. मला बघून त्याचा चेहरा उजळला. हळूहळू, एकेक शब्द जुळवत म्हणाला, "बाळू, मला आता आठवलं. मी प्यालो होतो. थंड होतं. तू पाहिलंस ना? वस्ताद खरा होता. मीच उगाच हिला खोटं सांगत बसलो."

वहिनीचे हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षांत तिने मला कधी विचारलं नव्हतं, त्या दिवशी विचारलं.

"भाऊ, खरंच का हो?"

दुसरं कुणी नव्हतं तिथे. वस्ताद गेलेला, मालक गेलेला, सुकदेवचा बाप गेलेला. घाबरायला कुणीसुद्धा उरलं नव्हतं.

मी म्हणालो, "हो, वहिनी."

तिने शेंगांचं सूप उचललं आणि आत गेली. सुकदेव पुढच्या महिन्यात वारला. दहाव्याला ती रडली नाही, असं बायका बोलत होत्या.

गिरजावहिनी अजून आहे. लोधीपुऱ्यात लेकीकडे राहते, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटं. तिला मी अजून सांगितलेलं नाही.