शकुचा निळा फॉल आणि नऊ वॅटचा बल्ब

नाहूरला आमच्या इमारतीत तळमजल्यावर शकु राहते. तीस वर्षं साड्यांना फॉल लावते आहे. तिचा टाका कुणी बाहेरून शोधून दाखवावा, मी माझी बीएस्सीची पदवी परत करते. अशा बाईने गेल्या आठवड्यात काळ्या साडीला नेव्ही ब्लू फॉल लावला. साडी तिसऱ्या मजल्यावरच्या अनुपमाच्या सुनेची, तीही पहिल्या संक्रांतीची. अनुपमा फार काही बोलली नाही. शिक्षा शकुनेच स्वतःला ठोठावली. भाचीला फोन केला, "श्रुतिका, माझे डोळे गेले. शिलाईचं मशीन घेऊन जा."

श्रुतिका संध्याकाळी सात वाजता टेम्पो घेऊन यायची होती. मला सहाला कळलं. मी तडक खाली.

मशीनवर चादर टाकलेली. शकु मांडीवर साडी घेऊन तो फॉल उसवत होती.

"डोळे दाखवलेस?"

"दिवाळीत दाखवले, वसुधाताई. डॉक्टर म्हणतो नंबर तोच आहे. त्याला काय कळतंय?"

"तुझ्यापेक्षा बरंच. आण ती साडी."

साडी काळी. फॉलही काळा. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, तरी काळाच. मग मान वर केली. छताला चाळीस वॅटचा पिवळा बल्ब लोंबत होता. समोर टॉवर उभा राहिल्यापासून या घरात दुपारीही दिवा लागतो. ट्यूब गेली तेव्हा शकुच्या नवऱ्याने, दत्तारामने, कुठूनसं जुन्या बल्बांचं खोकं पैदा केलं. ते संपेपर्यंत दुसरं काही आणायचं नाही, हा त्याचा कायदा.

"शकु, तुझे डोळे गेले असतील तर माझेही गेले. थांब इथेच."

मी वर जाऊन माझ्या स्वयंपाकघरातला नऊ वॅटचा एलईडी काढून आणला. दत्ताराम दारातच उभा.

"पांढरो उजेड? घर हा की दवाखानो?"

"दत्ताराम, स्टूल धरा. भाषण नंतर."

बटण दाबलं. शकुने सवयीने दिव्याला हात जोडले, डोळे मिटले, उघडले आणि मांडीवर पाहिलं.

"शिरा पडो," तिने जुन्या बल्बाला मालवणी शिवी हासडली. "निळो हा गो."

निळाच होता. लख्ख निळा. शाळेत तीस वर्षं मी प्रकाश शिकवला. पिवळ्या बल्बाखाली गडद निळं काळंच दिसतं, हे मला पाठ होतं. कधी खाली येऊन बघितलं का? नाही.

दत्तारामला मात्र खात्री हवी होती. त्याने काळं आणि निळं रीळ पाठीमागे फिरवलं आणि एकेक पुढे केलं. "ह्या?" "काळं." "ह्या?" "निळं." सात वेळा. सातही बरोबर. आठव्यांदा लबाडी करून त्याने चॉकलेटी रीळ धरलं.

"अहो, हे चॉकलेटी. आणि तुमच्या बनियनवर चहाचा डाग आहे, तोही दिसतो."

दत्ताराम स्टुलावर चढला, माळ्यावरचं बल्बांचं खोकं खाली काढलं आणि दाराबाहेर ठेवून आला.

तेवढ्यात शकुचा फोन वाजला. श्रुतिका निघत होती. शकुने एका हाताने मशीनवरची चादर ओढून काढली.

"टेम्पो सोडून दे गो. तू ये. आणि येताना काळा फॉल घेऊन ये. नीट बघून घे, पांढऱ्या दिव्याखाली."