पानी आणि पाणी

"ताई, तेवढं तसंच राहू द्या," असं म्हणत सर पडद्यावर बोट टेकवायचे. अगदी त्या अक्षरावर. त्यांचे ठसे पुसायला मी कॉम्प्युटरशेजारी एक फडकं वेगळं ठेवलं होतं.

शेवगावात माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. अर्ज, बायोडाटा, लग्नपत्रिका, काहीही येवो. चूक दिसली की माझा हात थांबत नाही. सर एका कॉलेजात मराठी शिकवायचे, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास असेल तोवर सर, सुट्टी लागली की कुणीच नाही. असे सर तुमच्याही गावात असतील, बघा जरा. कायम जागेची मुलाखत निघाली होती आणि तिच्यासाठी संशोधनपत्रिकेत छापलेला निदान एक लेख हवा होता.

लेख बाजारात कांदा निवडणाऱ्या बायांच्या बोलण्यावर होता. त्यांत सरांची आईही होती. दोन रकाने: डावीकडे पुस्तकातला शब्द, उजवीकडे बायांचा. पाणी – पानी. लोणी – लोनी. कोण – कोन. असे पानंच्या पानं.

मी टाइप केलं आणि सवयीनं उजवा रकाना 'सुधारला'. फाइंड-रिप्लेस, एका फटक्यात. सरांनी वाचलं आणि खुर्चीत बसून हसतच सुटले.

"ताई, तुम्ही माझ्या आईला शाळेत घातलंत की!"

बघते तर दोन्ही रकाने सारखे. शिवाय दिसेल त्या 'कोन'चा 'कोण' झाल्यामुळे लेखभर 'दृष्टिकोण' उगवलेला. मग बसले एकेक शब्द पुन्हा चुकीचा करत. तसं बोलूनही दाखवलं.

"चुकीचा न्हाई ताई, तिचा," सर म्हणाले. चिडले की त्यांचं 'नाही' कांद्याच्या ढिगाजवळ जाऊन बसायचं.

पत्रिकेच्या नियमांचं पत्रक चांगलं लांबलचक होतं. अक्षर बारा, ओळींतलं अंतर दीड, चारी बाजूंनी इंचभर समास, वर सारांश. ते मला डोळे मिटून जमतं. पण संदर्भसूचीत प्रत्येक आधाराला आडनाव, वर्ष आणि प्रकाशक हवा होता.

"तुमच्या आईचं वर्ष काय टाकू?"

"आधार कार्डावर एक जानेवारी टाकलीय. खरं तिलाच माहीत नाही."

"आणि प्रकाशक?"

"स्वतः, असं लिहा."

लिहिलं. लेख परत आला. तोंडी माहिती संदर्भ म्हणून चालणार नाही म्हणे.

"पुस्तकं बघून पुस्तक लिहिलं तर चालतं," सर म्हणाले, "आन् बाईच्या तोंडून ऐकलं तर चालत न्हाई?"

शेवटी बायांची नावं तळटीपेत गेली, भिंग घेऊन वाचावीत अशा अक्षरात. सूचीत व्याकरणाची पुस्तकं आली. पुन्हा पाठवला, पुन्हा समास कमीजास्त केले, आणि एकदाचा लेख स्वीकारला गेला.

अंक आला तेव्हा सर तो उघडून माझ्या काउंटरपाशी उभे राहिले. या वेळी हसले नाहीत. पत्रिकेच्या मुद्रितशोधकानं अख्खा उजवा रकाना शुद्ध करून टाकला होता. पाणी – पाणी. लोणी – लोणी. आणि त्याखाली निष्कर्ष मात्र जसाच्या तसा: 'वरील फरकावरून स्पष्ट होते की...' कसला फरक?

मी तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडचा माणूस थंडपणे म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे अशुद्ध छापत नाहीत."

माझी चूक एका दुपारीत निस्तरली होती. यांची छापून आली, म्हणून ती चूकच नव्हती!

"सर, तसाच जोडा," मी म्हणाले. "मुलाखतीत कोण वाचतंय? छापलाय एवढंच बघतात."

"मी वाचलाय ना."

मुलाखतीच्या सकाळी ते आले आणि लाल पेन मागितलं. इस्त्रीचा शर्ट घालून, काउंटरवर वाकून, उजव्या रकान्यातल्या एकेका 'ण'वर काट मारून वर 'न' लिहीत गेले. बस सुटायची वेळ झाली तरी शेवटचं पान होईपर्यंत हलले नाहीत. मी एरवी कुणालाही टोकते. त्या दिवशी टोकलं नाही.

समितीतल्या एकानं विचारलं, "तुम्ही मराठीचेच ना?" मग शेरा मारला: छापील मजकुरात खाडाखोड, लेख ग्राह्य नाही. जागा दुसऱ्याला मिळाली. त्याचाही लेख माझ्याच दुकानात टाइप झालेला. ठिकठिकाणाहून उचललेला, बायका नाहीत, बाजार नाही, स्वतःचं एक वाक्य नाही. समास मात्र चारी बाजूंनी इंचभर.

पुढच्या वर्षी कॉलेजनं सरांना तासही दिले नाहीत.

परवा त्यांची आई पेन्शनचा फॉर्म भरायला आली. मी विचारलं, "सर काय करतात?"

"साखर कारखान्यात काट्यावर हाय. उसाच्या गाड्यांचं नंबर लिव्हतो."

मी फॉर्मवर अंगठ्याची जागा दाखवली. अंगठ्याची शाई पदराला पुसत ती म्हणाली, "बरं हाय तिथं, बाई. त्येनं लिव्हलेलं कुनी बदलत न्हाई."