त्या संध्याकाळी त्यांचं नाव राहिलं

आमच्या चर्चच्या मंडळीला एक खोड आहे. कुणी आजारी पडलं की त्याला एकटं म्हणून सोडायचं नाही. साधी सर्दी झाली तरी चर्च सांभाळणाऱ्या पाळकीणबाई दारात हजर, मागे आणखी दोघी, हातात मिऱ्याचं रसम. मी नगरकडची. आमच्याकडेही माणसं भेटायला येतात, पण सलाम करतात, चहा पितात आणि जातात. इकडे चेन्नईजवळ पूनमल्लीला येऊन आमचं अर्धं आयुष्य गेलं, तरी या तमिळ माणसांच्या मायेचा मला धाकच वाटायचा. "अहो, कडी लावा, रसम येतंय," असं मी नवऱ्याला म्हणायची. हे हसायचे आणि दार सताड उघडायचे.

महामारीत आम्ही दोघंही पडलो. हे श्रीपेरुंबुदूरच्या मोटारींच्या कारखान्यात होते. कंपनीच्या बसमधून दुखणं आलं की मी भाजीवाल्याकडून आणलं, देव जाणे. माझं घरीच भागेल असं डॉक्टर म्हणाले, ह्यांना मात्र दवाखान्यात न्यावं लागलं. ॲम्ब्युलन्समध्ये चढताना म्हणाले, "वेळेवर जेवत जा गं." मला गाडीजवळसुद्धा जाऊ दिलं नाही. फाटकाच्या आतूनच हात हलवला.

मुलगा पुण्यात अडकलेला. मग सगळं मंडळीनंच केलं. सकाळ-दुपार फाटकाला डब्याची पिशवी लटकायची. जिभेची चव गेली तरी रसम तिखट लागतंच, हे मला तेव्हा कळलं. दवाखान्यात फोन करणं, डॉक्टरांना गाठणं, ते पाळकीणबाईंनी अंगावर घेतलं. मला फोनवर रोज सांगायच्या, "स्तोत्रम् अक्का, देवाची स्तुती असो, आज बरे आहेत."

आणि रोज सात वाजता फोनवर प्रार्थना. सगळी घरं एकदम जोडलेली. पाळकीणबाई एकेका आजाऱ्याचं नाव घेऊन त्याला बरं कर म्हणून मागणं मागायच्या आणि प्रत्येक नावाला घराघरांतून "आमेन" यायचं. आधी ह्यांचं नाव यायचं, लगेच माझं. लग्नपत्रिकेत असतं तसं. मी दिवसभर त्या दोन नावांची वाट बघत पडून असायची. ह्यांच्या नावाला एवढ्या माणसांचं आमेन मिळतंय म्हणजे हे घरी येणारच, असं मी धरूनच चालले होते.

त्या दिवशी दुपारी पाळकीणबाईंना विचारलं, "जेवले का हे?"

"जेवले अक्का. थोडी कांजी घेतली."

मुलालाही फोन लावला. तो म्हणाला, "बाबा झोपलेत, आई. तू आराम कर." त्याचा आवाज बसला होता. मी त्यालाच वर आल्याचा काढा घ्यायला सांगितलं. मग कितीतरी दिवसांनी भूक लागली आणि डब्यातलं इडियप्पम, त्या तांदळाच्या शेवया, नारळाच्या दुधाशी कालवून पोटभर खाल्लं. हे आले की ह्यांनाही करून घालू, असंही मनात आलं. मेलं, आजही तो घास आठवला की गिळवत नाही.

संध्याकाळी प्रार्थना सुरू झाली. नावं होत होत आली आणि पाळकीणबाईंनी एकदम माझंच नाव घेतलं. मला रागच आला. एवढं कसं विसरतं माणूस? मी मध्येच तोंड घातलं, "अहो बाई, ह्यांचं राहिलं!"

एवढी घरं जोडलेली आणि एकातूनही चकार शब्द नाही. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, तेवढीच. मग मला समजलं. आमच्यात गेलेल्या माणसासाठी मागणं मागत नाहीत. माणूस गेला की तो देवाचा झाला, आता त्याच्यासाठी काय मागायचं? मागायचं ते जित्या माणसासाठी.

"कधी?" मी विचारलं.

"पहाटे, अक्का." पाळकीणबाई हुंदके देत होत्या. माझा ऑक्सिजन खाली गेलेला, धक्का सोसणार नाही असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणून मुलाला विचारूनच सगळ्यांनी ठरवलं होतं. मी बरी झाले की सांगायचं. मंडळीतल्या चौघांनी ते प्लास्टिकचे कपडे घालून ह्यांना दफन केलं होतं. गाणंही म्हटलं होतं.

माझा तोल गेला. "दुपारी कांजी पाजलीत ना त्यांना? पाजलीत ना? मग आत्ताच काय झालं? आणखी एकदा खोटं बोलायला तुमची जीभ झडत होती?"

"तुमच्याशी बोलले, अक्का," त्या म्हणाल्या. "देवाशी कसं बोलू?"

त्यांचं चुकलं नव्हतं. पण मला त्यांचं खरं नको होतं हो. मला फक्त आजच्या दिवस ते नाव हवं होतं आणि त्याच्यामागचं आमेन. मी फोन बंद केला.

लग्न झाल्यापासून माझं 'अहो'वरच भागलं होतं. त्या संध्याकाळी खाटेवर उठून बसले आणि ह्यांचं नाव मोठ्यानं घेतलं, आडनावासकट. यांचा ताप उतरू दे, म्हटलं. यांना घरी आण. त्यांना माती देऊन झाली होती, ते मला ठाऊक होतं. तरी मी मागत राहिले, आणि प्रत्येक वेळी आमेनही मलाच म्हणावं लागलं.