कापसाच्या खोलीतली कॅसेट

जुन्या उशीची शिवण उसवून आतल्या कापसाचा कोरडा वास आला, की अजूनही माझे कान तापतात.

कॅसेटच्या जमान्यात, कॉलेजात असताना, मी स्वतःला रॉक गायक समजायचो. पुसेगावच्या आमच्या घरातली एक खोली वेचलेल्या कापसानं छतापर्यंत भरलेली असायची. त्या ढिगात कंबरेपर्यंत रुतून, गिटार छातीशी धरून मी टेपरेकॉर्डरवर स्वतःची गाणी भरली. कापूस आवाज गिळतो, म्हणजे घरात कुणाला ऐकू जाणार नाही, असा माझा हिशोब. एका गाण्यात तर मी बेंबीच्या देठापासून ओरडलो होतो, "बाप माझा बोलत न्हाई, दगड झाला बाप!"

बाबा हिंगोलीला ये-जा करणारी पॅसेंजरची जीप चालवायचे. एकदा परत येताना मी मागं बसलो होतो, आणि मी कापसात लपवलेली नेमकी तीच कॅसेट त्यांनी लावली.

"कोण कोकलून राहिलं हे? टेप अडकली का?" एक आजी म्हणाल्या. सगळी जीप हसली.

"टेप बराबर हाय," बाबा म्हणाले. "माझं पोरगं गाऊन राहिलं."

सगळे माझ्याकडे वळले, आणि तेवढ्यात ते दगड झालेल्या बापाचं गाणं लागलं. आजी बाहेर बघायला लागल्या. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. बाबांनी आवाज कमी केला नाही.

पुसेगावच्या अलीकडे शेवटचे पॅसेंजर उतरले. मी पुढं जाऊन बसलो. बाबांनी कॅसेट उलटून घातली.

"ती बाजू कोरी हाय, बाबा."

"असू दे."

घर येईपर्यंत ती नुसती खरखर आम्ही दोघं ऐकत राहिलो.