शांतवन आण्णांनी अर्धी सोडलेली गोष्ट

बायकोनं येऊन चालू माग बंद केला तवा मी वरडलो, "धागा तुटंल की गं!" ती म्हणाली, "शांतवन आण्णा गेले." मी इचारलं, "कुठं?"... असला शाणा मी. मग उमगलं आणि तिथंच खाली बसलो. त्येला आता बरेच दिवस झाले. हे मी बोलतोय आणि पोरगी लिहितीया. मला सहीच्या पुढं काय येत न्हाय.

आण्णा आमच्या वडगावच्या चर्चच्या मंडळीच्या मासिकात गोष्टी लिहायचे. ख्रिस्ती गोष्टी, म्हंजे शेवटाला माणूस सुधारणारच. छापायच्या आधी मला वाचून दाखवायचे, कारण मला जांभई लपवता येत न्हाय. बोध सुरू झाला की माझं तोंड उघडायचं, आणि आण्णा तिथं काट मारायचे. म्हणायचे, "तू पेंगलास की समजायचं, मी गोष्ट सोडून उपदेश कराय लागलो." माझ्या अंगात तेवढाच एक हुन्नर.

दर रविवारी मी बायकोला चर्चला सोडायचो आणि भाईर स्कूटरवर बसायचो. लोकांस्नी सांगायचो, आत लई उकडतंय. आण्णांनी खोदून इचारलं तवा खरं बोललो, "आण्णा, आत जाऊन डोळं मिटलं आणि समोर कोणच नसलं तर? नुसत्या इचारानं घाम फुटतोय." मला वाटलं, आता बायबलातलं वचन काढून दावतील. पर ते म्हणाले, "मला बी कधीकधी तसंच भ्या वाटतंय रं. लिहू का हे?"

"लिवा, पर नाव बदला. बायको मारंल."

त्यातनं गोष्टीतला दानेल झाला. दानेल चर्चच्या पायरीपतोर येतोय आणि थांबतोय. आण्णा इचारायचे, "आत जाईल का रं ह्यो?" मी म्हणायचो, "ढकला की, तुमच्याच हातात हाय." "ढकलला तर त्यो दानेल ऱ्हाणार न्हाय." आणि त्येला तसाच उभा ठेवून आण्णा गेले... तवापास्नं झोप न्हाय. दानेलचं जे व्हईल तेच माझं, असं मनानं घेतलंय.

गेल्या रविवारी बायको भाईर येऊन म्हणाली, पाळकसाहेब, म्हंजे आमचे पाद्री, आण्णांच्या गोष्टीला शेवट जोडून छापणार हाईत, दानेल आत जाऊन गुडघं टेकतोय असा. मी तसाच आत पळालो. उपासना नुकतीच सुटलेली.

"साहेब, त्येला ढकलू नका. आण्णांनी न्हाय ढकलला." मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज निघाला.

पाळक म्हणाले, "मग वाचणाऱ्यानं काय घ्यायचं, बाबा?"

"भ्या घेऊ दे, साहेब. मला वाटायचं मी एकटाच भितोय. आण्णा बी भितात म्हटल्यावर बरं वाटलं हुतं... तेवढंच घेऊ दे."

साहेब म्हणाले, "बरं. हाय तशीच छापू."

मग ध्यानात आलं, आपण कुठं उभा हाय. पळून जावंसं वाटलं, तरी खिडकीजवळच्या बाकावर टेकलो. आण्णांची बसायची जागा. लाकूड तेवढ्या भागात गुळगुळीत झालंय. एक डोळा मिटून बघितला. दुसरा मिटायचं धाडस अजून व्हईना.