पाकळी पडण्याआधी उठले

आमच्या पेडण्याकडे देवाला विचारल्याशिवाय घरात म्हैससुद्धा येत नाही. भटजी रवळनाथाच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतात, आपलं गाऱ्हाणं घालतात आणि आपण वाट बघत बसायचं. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नको; देवाच्या या उत्तरालाच आम्ही प्रसाद म्हणतो. मुलीचं लग्न, नवी विहीर, सगळं मी असंच विचारून केलं. गोवा राज्य होऊन काही वर्षं झाली होती, वाड्यावर टेलिफोन आला होता, पण माझी रीत तीच. त्यात मी हट्टी, आणि स्वतःला फार शहाणी समजणारी. तेच जिवावर बेतलं.

चतुर्थी झाली आणि माझी डावी छाती लाल झाली. हाताला गरम लागायची, जड वाटायची, कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसायला लागली. गाठ मात्र कुठेच लागेना. दहा वेळा चाचपलं आणि मनात म्हटलं, गाठ नाही म्हणजे तो भयंकर आजार नव्हे, सुटले बाई! अंगावर असं लाल उठलं की आमच्याकडे म्हणतात, नागीण झाली. शेजारच्या वाड्यावर नागिणीवर लेप देणारे एक म्हातारे काका होते. त्यांनी पाला वाटून, गेरूत कालवून लावला आणि बजावलं, सुई टोचून घेऊ नको, टोचली की नागीण आत शिरते. वाईट त्यांच्या मनात काही नव्हतं. कितीजणांना त्यांच्या लेपानं बरं वाटलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

माझे यजमान डिचोलीला खाणीवर ट्रक चालवायचे, रविवारी घरी यायचे. दर रविवारी म्हणायचे, "अगो, एकदा डॉक्टराक दाखय मगे." मी फणकारायची, "तुमचा ट्रक तुम्ही सांभाळा, माझं अंग मी सांभाळते." पण तिसऱ्या आठवड्यात काखसुद्धा दुखायला लागली आणि मी मनातून घाबरले. उघड कबूल करायची मात्र लाज वाटली. म्हणून सोमवारी सकाळी एकटीच देवळात गेले आणि विचारलं, देवा, लेप चालू ठेवू काय?

पाकळ्या लागल्या त्या लागल्याच. ना उजवी हलली, ना डावी. माझ्यामागून आलेल्यांना प्रसाद मिळाले, ते घरी गेले. तासभर मी खांबाला टेकून बसले होते. बाजूला एक अनोळखी म्हातारी बाई होती, बोलण्यावरून सावंतवाडीकडची. बराच वेळ ती माझ्याकडेच बघत होती. शेवटी सरकत जवळ आली.

"गो बाय, चोळी अंगापासून धरून कित्याक बसलंस? काय झालाहा थंय?"

परक्या बाईला काय सांगायचं? पण कुणास ठाऊक कसं, मी सगळं बोलून गेले. तिनं मला सभामंडपाच्या मागे नेलं, पदराआडून बघितलं. तिचा चेहरा बदललेला मला दिसला.

"मी तीस वर्सां नर्स होतंय. गाठ नाय म्हणान गप रव नको. आजच मोठ्या हॉस्पिटलात जा."

"पण प्रसाद अजून झाला नाही," मी म्हटलं.

"देव काय खंय पळान जाणा नाय. पाकळी पडात तेवा पडात. तू ऊठ!"

आयुष्यात पहिल्यांदा मी देवासमोरचा प्रश्न अर्धा टाकून उठले. वाड्यावर येऊन खाणीवर फोन केला आणि रडत म्हटलं, "या हो, मला न्या."

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी कातडीचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. मग समोर बसवून शांतपणे सांगितलं, की हा स्तनाचा कर्करोगच, पण फार थोड्या बायकांना होणारा. तो गाठ करीलच असं नाही, कातडीखालच्या बारीक वाहिन्या तुंबवतो, म्हणून सूज आणि लाली येते, आणि लोकांना वाटतं साधा दाह आहे. तो भराभर पसरतो, म्हणून सुरुवातीलाच सुरी नाही. आधी सलाईनमधून औषधं, मग ऑपरेशन, मग किरणं. "आणखी उशीर केला असता तर कठीण होतं," त्या म्हणाल्या. सुईला घाबरणारी मी, मुकाट्यानं हात पुढे केला.

केस गेले, तोंडाची चव गेली, पेजसुद्धा कडू लागायची. मग छातीही गेली. त्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून पोटभर रडले. यजमान पाठीवर हात ठेवून नुसते बसून राहिले, एकदाही म्हणाले नाहीत की मी सांगत होतो. देवाकडे मी काही मागितलं नाही. म्हटलं, बाबा, आता तू जाण आणि डॉक्टरीणबाई जाणोत. इतकी निवांत मी विचारून विचारून कधी झाले नव्हते.

दीड वर्षानं, केस पुन्हा आल्यावर, ओटी घेऊन देवळात गेले. त्या म्हातारीची चौकशी केली. कुणालाच ती माहीत नव्हती. नावसुद्धा विचारलं नव्हतं मी, करंटी! भटजींनी मात्र मला ओळखलं.

"बाय, त्या दिसा तू गेल्या उपरांत पाकळी पडली. खंयच्या कुशीन, उजवे काय दावे, सांगूं?"

क्षणभर जीभ वळवळली. जुनी खोड, ती काय लगेच जाते? त्या दिवशी माझ्यादेखत उजवी पडली असती, तर लेप लावत घरीच राहिले असते आणि आज ओटी घेऊन आले नसते.

"नको भटजी," मी म्हटलं आणि ओटी पुढे केली. तासभर ज्यानं पाकळी धरून ठेवली, त्याला आणखी काय विचारू?